शूरवीरांचं घरभाडं

राक्षस मारून झाल्यावर राम निदान अयोध्येला तरी परतला. आमच्या चिरंजीवांचे शूरवीर कुठे परततात, हे मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. दर रविवारी चार मित्र आमच्या जेवणाच्या टेबलावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मांडून बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि तलवार लागली की हुकली हे फासे ठरवतात.

“तुझ्या वीराचं घर कुठे रे?” मी एकदा विचारलं.

“बाबा, तो अनाथ आहे.”

सगळेच अनाथ निघाले! घरदार दाखवलं की सूत्रधार ते जाळतो आणि म्हातारीला पळवतो, म्हणून मुलांनी आधीच निर्वंश करून ठेवलेला.

मूळ खेळ मात्र असा बेघर नव्हता. उलट घरापासूनच सुरुवात होती म्हणा ना. 1971 च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटात डेव्ह आर्नेसन मित्रांना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक मुलखात खेळवत असे. तिथे एक किल्ला होता आणि किल्ल्याखाली भुयारं. मंडळी खजिन्याच्या लोभानं तळघरातच रमली आणि वर शत्रूनं किल्ला घेतला! वीरांची रवानगी दूरच्या एका तळ्याकाठी झाली.

1974 साली आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी हा खेळ छापून विकायला काढला. त्याचे नियम वाचताना मला तर ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. भिंत, बुरूज, दरवाजा, सगळ्यांचे बांधकामाचे दर दिलेले. अनुभवाचे जेवढे गुण, त्याच्या 1 टक्का मोहरा वीरानं निर्वाहखर्च म्हणून मोजायच्या. स्वतःची गढी बांधली की हा खर्च बंद. भाड्याच्या घरात जन्म काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे मोठा सरदार झालात की रयतेकडून दरडोई वर्षाला 10 मोहरा वसूल! 2024 च्या नव्या नियमांत तर पाचव्या पायरीलाच वीराला हक्काचा वाडा मिळतो. आमच्याकडे पाचव्या इन्क्रिमेंटला काय मिळतं, ते सोडा.

पण दरपत्रकातून वास्तू उभी राहते. ओळख दाखवणारं माणूस त्यात येत नाही. ते मला सापडलं गायगॅक्सच्या 1979 च्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसात. सरहद्दीवर एक ठाणं, जवळच राक्षसांच्या गुहा. वीरांनी गुहेत जायचं, जखमा घेऊन ठाण्यात परतायचं, पुन्हा जायचं. ठाण्यात खाणावळ आहे, देऊळ आहे, आणि चक्क बँक आहे! ठेव महिनाभर ठेवली तर सांभाळणावळ नाही. कर्जाला दरमहा 10 टक्के व्याज, आणि 5 मोहरांच्या वर हवं असेल तर दुप्पट किमतीचं तारण. हा दर ऐकून आमच्या गल्लीतला सावकारही कानाला हात लावील.

या बँकेत एक हडकुळा म्हातारा कारकून आहे आणि तो दुसऱ्या पायरीचा जादूगार आहे. कॅश जुळवायला मंत्र लागतात, हे गायगॅक्सला कुणी सांगितलं कोण जाणे! त्याला नाव मात्र दिलेलं नाही. ते सूत्रधारानं द्यायचं. मी सूत्रधार असतो तर पहिलं बारसं त्याचंच केलं असतं. गुहेतून चौघे गेले आणि तिघेच परत आले, तर चौथ्याचं पासबुक समोर धरून ‘हे कुठे राहिले?’ असं विचारणारा अख्ख्या ठाण्यात तोच एक.

आणि ठाणं जाळायचंच झालं, तर बँक सोडून जाळावं.