नेड स्टार्क : दरबार भरेपर्यंत

सांजवेळ
किंग्ज लँडिंगच्या राजवाड्यातल्या देवराईत नेड स्टार्क राणी सर्सीला भेटतो. तो राजा रॉबर्टचा ‘हँड’, म्हणजे वेस्टेरॉस राज्याचा मुख्य कारभारी. राणीची तिन्ही मुलं राजाची नाहीत, तिच्या जुळ्या भावाची आहेत, हे त्याला उमगलंय. तो ते तिच्या तोंडावर सांगतो आणि रॉबर्ट शिकारीहून परतायच्या आत मुलांना घेऊन दूर निघून जा, असं बजावतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी 1996 साली आली. तेव्हापासून वाचक या भेटीला भाबडेपणा म्हणत आलेत. मला ते मुळीच पटत नाही. रॉबर्टला गादी मिळाली तेव्हा आधीच्या राजघराण्यातल्या दोन चिमुरड्यांची प्रेतं सिंहासनापुढे आणून ठेवली होती. त्यावरून नेड आपल्या या जिवलग मित्राशी कडाडून भांडला होता. तो प्रकार पुन्हा घडू द्यायचा नाही, एवढंच त्याच्या मनात आहे.

रात्र
राजा परततो तो रानडुकराने पोट फाडलेला. शिकारीत त्याला कडक दारू पाजणारा हुजऱ्या राणीच्याच नात्यातला. मरणाच्या दारातला रॉबर्ट मृत्युपत्र सांगतो, नेड लिहून घेतो. राजा म्हणतो, माझा मुलगा जॉफ्री. नेड लिहितो, माझा वारस. मित्राला मरताना सत्य सांगून छळायला त्याचं मन धजत नाही.

थोड्याच वेळाने
बाहेर राजाचा धाकटा भाऊ रेन्ली थांबलेला. तासाभरात शंभर तलवारी उभ्या करतो, जॉफ्रीला आईपासून तोडून आत्ताच ताब्यात घेऊ, म्हणतो. राज्य वाचवायची खरी संधी हीच. नेड नकार देतो: मित्र शेवटच्या घटका मोजत असताना त्याच्याच घरात रक्त सांडायचं नाही, झोपेतल्या मुलांना फरफटत न्यायचं नाही.

त्याच रात्री
खजिनदार लिटलफिंगर सुचवतो की जॉफ्रीलाच गादीवर बसवू आणि कारभार तू हाक. नेडला गादीचा खरा हक्कदार दिसतो तो राजाचा मधला भाऊ स्टॅनिस. मग तो लिटलफिंगरवरच काम सोपवतो, शहराचा सोनेरी झग्यांचा पहारा पैसे मोजून आपल्या बाजूला वळवायचं. त्याची खरी चूक मी इथे मानतो. विकत घेतलेली निष्ठा दुसराही विकत घेऊ शकतो, हे उत्तरेतल्या या सरदाराच्या ध्यानातच येत नाही.

पहाट
रेन्ली शहर सोडून गेलेला.

सकाळ
नेडने आपल्या मुलींना जहाजाने घरी धाडायचं ठरवलंय. धाकटी आर्या तलवारीचा एक शेवटचा धडा घेऊ द्या म्हणते, तो परवानगी देतो. दुपारपर्यंत तयार राहा, एवढंच सांगतो. तासाभरात राजा गेल्याची खबर येते. थोरली सान्सा, जॉफ्रीच्या प्रेमात बुडालेली, वडिलांचा बेत राणीला जाऊन सांगते.

दरबार
मोडक्या पायाने काठी टेकत नेड येतो. राणी मृत्युपत्र वाचते आणि फाडून टाकते. नेड पहारेकऱ्यांना हुकूम देतो, त्यांचे भाले त्याच्याच माणसांच्या पाठीत घुसतात. लिटलफिंगर त्याचाच खंजीर काढून त्याच्या हनुवटीखाली धरतो.

पुढे सान्साचा जीव वाचावा म्हणून नेड भर चौकात राजद्रोहाची खोटी कबुली देतो, तरी जॉफ्री त्याचं डोकं उडवायला लावतो. कादंबऱ्यांवर बेतलेल्या टीव्ही मालिकेत 2016 साली उलगडलं की जॉन स्नो आपलाच मुलगा आहे असं त्याने जन्मभर खोटं सांगितलं, तेही एका बाळाचा जीव राखण्यासाठी. बहिणीचं बाळ होतं ते.

पुढे गादीसाठी पेटलेल्या पाच राजांच्या युद्धात राज्य होरपळलं आणि नेडचं घराणंही उद्ध्वस्त झालं. तरी 2011 च्या ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये उत्तरेतले डोंगरी लोक कंबरभर बर्फ तुडवत नेडच्या गढीकडे, विंटरफेलकडे निघतात, नेडची मुलगी सोडवायला. तिथे कोंडलेली पोर खरं तर त्याच्या कारभाऱ्याची आहे. त्यांना ते ठाऊक नाही. नेडचं नाव त्यांना पुरेसं आहे.