दहा नंबरच्या खाटेवरचे यकृत

परिचारिकांनी स्वतःच्या मनाची काळजी घ्यावी, असे आपण सहज म्हणतो. पण कामाची पद्धतच त्याआड येत असेल तर?

१९५० नंतरच्या दशकात लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात सुमारे ७०० परिचारिका होत्या. त्यांत बहुतेक विद्यार्थिनी. त्यांच्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडत. टॅव्हिस्टॉक संस्थेच्या मनोविश्लेषक इझाबेल मेंझिस यांनी कारणे शोधली. १९६० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

रोज वेदना आणि मृत्यू पाहून मनावर ताण येणारच. तो जाणवू नये म्हणून तेथे कामाचे तुकडे पाडले होते. एकीने अनेक रुग्णांचे थोडे थोडे काम करायचे, कोणात गुंतायचे नाही. रुग्णाला नावही नाही. तो 'दहा नंबरच्या खाटेवरचे यकृत'! ताण तसाच राहिला. रुग्ण बरा झाल्याचे समाधान मात्र गेले. सोडून जाणाऱ्यांत अनेक जणी अधिक समंजस होत्या. म्हणजे दोष त्यांच्या दुबळेपणाचा नव्हता.

वर्गात मुलांना हजेरीच्या क्रमांकाने हाक मारताना आपणही हेच करीत नाही ना?