उघडं राहिलेलं दार

नौदलाच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना ‘मॅगझिन’साठी मी ‘दारूकोठार’ लिहिलं. गडांमुळे हा शब्द आपल्या ओळखीचा. पण जहाजावर कोठारापासून दूर पळायला जागा नसते.

३१ मे १९१६, जटलंडची लढाई. ‘इन्डिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या ब्रिटिश युद्धनौका एकाच दिवसात स्फोट होऊन बुडाल्या. ३,०००हून अधिक माणसं गेली. मारा जर्मन तोफांचा होता. पण तोफा भराभर डागता याव्यात म्हणून कॉर्डाइटच्या रेशमी पिशव्या कोठाराबाहेर रचून ठेवायच्या, आग अडवणारी दारं उघडी ठेवायची, ही सवय ब्रिटिशांची स्वतःची होती.

जानेवारी १९१५मध्ये डॉगर बँकच्या लढाईत जर्मनांची ‘सायड्लिट्झ’ अशाच आगीत होरपळली. त्यांनी दारूगोळा हाताळण्याची खबरदारी वाढवली. ब्रिटिशांनी त्याच लढाईतून धडा घेतला तो आणखी वेगानं तोफा डागण्याचा.

जटलंडला ‘लायन’वर मेजर फ्रान्सिस हार्वी यांनी मरता मरता कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला, म्हणून ते जहाज वाचलं. बाकी जहाजांवर दारापाशी उभे असलेले खलाशी काही बेफिकीर नव्हते. वरून मागणीच वेगाची होती.