वाहनाचे छत : सोयीचा आणि सावधगिरीचा इतिहास

घरातला कर्ता पुरुष गेला म्हणजे ‘डोक्यावरचे छत्र हरपले’ असे मराठीत म्हणतात. राज्याभिषेक झालेला राजा तो छत्रपती. छत्र ह्या शब्दामागे ऊन-पावसापासून मिळणाऱ्या संरक्षणाची जशी कल्पना आहे, तशीच मानाचीही आहे; आणि वाहनाच्या इतिहासात ह्या दोन कल्पना पहिल्यापासून एकत्र नांदत आल्या आहेत. प्रवाशाच्या डोक्यावर छत असावे की नसावे, असले तर ते कोणाच्या डोक्यावर असावे, ते केव्हा उघडावे आणि केव्हा मिटावे, हे प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतात. परंतु त्यांची उत्तरे शोधू लागले म्हणजे माणसाच्या सुखासीनतेचा, दिमाखाचा आणि बेसावधपणाचाही इतिहास उलगडत जातो.

यंत्राची वाहने येण्यापूर्वी आपल्याकडे सावली हे मोठेपणाचे लक्षण होते. मेणा चारी बाजूंनी झाकलेला असे. पालखीबरोबर अबदागीर चाले. पण मेणा वाहणाऱ्या भोयांच्या डोक्यावर सावली नसे, आणि अबदागीर धरणारा स्वतः उन्हातच चालत असे. छत घातलेल्या दमणीत घरची मंडळी बसत, धुरकरी मात्र बैलांमागे उघड्यावर. ही वाटणी किती क्रूर ठरू शकते ह्याचे एक विलक्षण उदाहरण दिल्लीत घडले. २३ डिसेंबर १९१२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज हत्तीवरून चांदणी चौकातून जात असता त्यांच्यावर बॉम्ब टाकण्यात आला. व्हाइसरॉय जखमी झाले, पण वाचले. त्यांच्या मागे उभा राहून त्यांच्यावर छत्र धरणारा सेवक मात्र प्राणास मुकला.

युरोपातील घोडागाड्यांतही हाच भेद होता. जर्मनीतील लँडाउ गावाच्या नावाने ओळखली जाणारी लँडो गाडी, तिच्या दोन भागांत दुमडणाऱ्या टपामुळे, आजच्या उघडमीट छताची आजीच म्हणावयास हवी. मुंबईकरांच्या परिचयाची व्हिक्टोरिया ही तिचीच धाकटी बहीण. तिचा कातडी टप पावसात पुढे ओढता येई आणि संध्याकाळच्या वाऱ्यात मागे सारता येई; परंतु त्या टपाची सावली मागच्या आसनापुरतीच. पुढच्या उंच बैठकीवरचा गाडीवान बाराही महिने उघड्यावर.

१८८६ साली कार्ल बेंझ ह्यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा तिला छतच नव्हते. गाडी चालते हेच नवल होते. ती आरामशीर असावी ही अपेक्षा नव्हती. पुढील वीस-पंचवीस वर्षांत मोटारींना जे टप आले ते घोडागाडीकडून उसने घेतलेले होते. लाकडी कमानींवर ताणलेले मेणकापड वा कातडे, आणि बाजूंना बटनांनी अडकवावयाचे पडदे. पाऊस सुरू झाला की गाडी थांबवावयाची, दोघांनी मिळून टप उभारावयाचा, पडद्यांची बटने लावावयाची, आणि हे सारे होईपर्यंत बहुधा सर्वांनी भिजून जावयाचे, असा तो खटाटोप असे. ज्यांना तो नको होता अशा धनिकांसाठी बंद मोटारी तयार होत. आणि त्यांपैकी ‘टाउन कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात मालकाचा कक्ष काचांनी बंद, तर शोफरची जागा उघडी, अशी योजना असे. मोटारीला वाऱ्याची आणि पावसाची झळ चालविणाऱ्यालाच अधिक लागते हे कोणालाही कळण्याजोगे होते. तरीही यंत्र बदलले, पण धुरकऱ्याची जागा बदलली नाही.

सर्वांच्या डोक्यावर छत आणले ते दयाबुद्धीने नव्हे, तर कारखानदारीने. १९१० साली कॅडिलॅक कंपनीने बंद मोटारी नित्याच्या विक्रीस ठेवल्या. १९२२ साली एसेक्स कंपनीने साधी, चौकोनी, बंद मोटार बेताच्या किमतीत बाजारात आणली, आणि तीनच वर्षांत ती उघड्या मोटारीहूनही स्वस्त झाली. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहा मोटारींपैकी सुमारे नऊ उघड्या असत. १९२९ पर्यंत हे प्रमाण नेमके उलटे झाले. तरीही ह्या छतांचा मधला भाग लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचाच होता, कारण तेवढ्या रुंदीचा पोलादी पत्रा मिळत नसे. तो मिळू लागल्यावर जनरल मोटर्सने १९३५ सालच्या गाड्यांना अखंड पोलादी छत बसविले. छत हे केवळ आच्छादन न राहता गाडीच्या हाडापेऱ्याचा भाग झाले. गाडी उलटली तर माणूस चिरडू नये, ही अपेक्षा आता त्याच्याकडून करता येऊ लागली. अमेरिकेत १९७३ पासून बंद मोटारींच्या छताने गाडीच्या वजनाच्या दीडपट भार सोसला पाहिजे असा नियम आला, आणि २००९ साली ही अट तिपटीपर्यंत वाढविण्याचे ठरले.

परंतु छप्पर मिळाले की आकाशाची आठवण येते, हा मनुष्यस्वभाव आहे. १९३०च्या दशकात इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिका ह्या तिन्ही देशांत बंद छतात सरकती वा दुमडती खिडकी ठेवण्याची कल्पना रुजली. अमेरिकेत ती प्रथम नॅश कंपनीच्या १९३७ सालच्या मोटारींत दिसली. त्याच दशकात फ्रान्समधील जॉर्ज पोलँ ह्या दंतवैद्याने संपूर्ण धातूचे छत अखंडच मागच्या पेटीत सरकवून ठेवण्याची युक्ती शोधली. प्यूजो कंपनीने ती आपल्या ‘एक्लिप्स’ मोटारींत वापरली. दात पाहता पाहता गाड्यांची रूपे रेखाटणारा हा कल्पक माणूस दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकारात सामील झाला, आणि १९४२ साली नाझींनी त्याला गोळ्या घालून ठार केले.

गारव्याची कथाही ह्याच वळणाची आहे. आपल्याकडे आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात वाळ्याच्या ताट्या भिजवून थंडावा आणण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकातच झाले होते. मोटारीत यांत्रिक वातानुकूलन प्रथम आणले ते अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने, १९४० सालच्या गाड्यांत. यंत्र सामानाच्या पेटीतली जागा व्यापी, आणि ते बंद करावयाचे झाल्यास गाडी थांबवून, इंजिनावरचे झाकण उघडून, यंत्राचा पट्टा हाताने काढावा लागे. सोय आधी जन्माला आली, ती आवरण्याची कळ मागाहून आली. १९५४ साली नॅश कंपनीने सारी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणि चालकाच्या हाताशी आणली, तेव्हा कोठे ती सुटसुटीत झाली.

सोय आधी आणि तिचा विवेक मागाहून, हेच ह्या साऱ्या इतिहासाचे सूत्र आहे, आणि मधल्या काळाची किंमत माणसांनी मोजली आहे. १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस शहरात विख्यात नर्तकी इझाडोरा डंकन उघड्या मोटारीतून निघाल्या. त्यांच्या गळ्यातील लांब रेशमी शालीचे टोक मागच्या चाकात गुंतले, आणि क्षणार्धात त्यांचा अंत झाला. आपल्याकडे मोटारसायकलच्या मागच्या चाकावर, पदर वा ओढणी गुंतू नये म्हणून, जाळी असावी असा जो नियम आहे, त्याचे महत्त्व ह्या घटनेवरून ध्यानात यावे.

राज्यकर्त्यांनाही उघड्या गाडीचा मोह महागात पडला आहे. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या मोटारीचा टप मागे दुमडलेला होता. पहिला बॉम्ब त्या दुमडलेल्या टपावर आपटून मागच्या गाडीखाली फुटला; परंतु नंतर झाडलेल्या गोळ्यांना अडवणारे काहीच नव्हते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे पाऊस थांबला म्हणून राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांच्या मोटारीवरचे पारदर्शक आच्छादन काढून ठेवण्यात आले होते. ते गोळी अडवणारे नव्हते, हे खरे; पण त्यानंतर त्याच मोटारीला कायमचे छत बसविण्यात आले. लोकांना दिसावे म्हणून छत काढावयाचे आणि जीव वाचावा म्हणून ते पुन्हा चढवावयाचे, असा हा प्रवास आहे.

आज भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मोटारीतही छताची काचेची खिडकी आली आहे. हिची रचना समजून घेण्याजोगी आहे. काच दोन रुळांवर सरकते आणि लहानशी विजेची मोटर तिला तारांनी ओढते. काचेभोवतीचे रबर पाणी पूर्णपणे अडवते अशी समजूत असते. वस्तुतः थोडे पाणी आत उतरणार हे गृहीत धरूनच तिच्याभोवती पन्हळ ठेवलेली असते, आणि कोपऱ्यांतील नळ्या ते पाणी खांबांतून खाली सोडतात. जुन्या वाड्यांच्या पन्हळीप्रमाणेच ह्याही पन्हळीत पाने आणि धूळ साचली की पाणी घरात येते. तेव्हा पावसाळ्यापूर्वी ती साफ करणे, छतावर कचरा वा पाणी असता काच न उघडणे आणि गाडी सोडून जाताना ती मिटली असल्याची खात्री करणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. मिटताना काही आडवे आल्यास काच आपोआप मागे फिरावी अशी योजना अनेक गाड्यांत असते. पण तिच्या भरवशावर लेकरांच्या हाती कळ देणे शहाणपणाचे नव्हे.

ही खिडकी उजेडासाठी आणि हवेसाठी आहे, उभे राहण्यासाठी नाही. १९५९ साली व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन ह्यांनी छाती आणि कंबर दोन्ही आवळून धरणारा तीन टोकांचा आसनपट्टा सिद्ध केला, आणि कंपनीने ते पेटंट इतरांनाही खुले केले. त्यामागची सारी करुणा, छतातून मान बाहेर काढून उभ्या राहिलेल्या मुलाच्या बाबतीत व्यर्थ जाते. चालकाने ब्रेक दाबताच गाडी थांबते, मूल थांबत नाही. वरून येणारी फांदी, तार वा पतंगाचा मांजा चालकाला दिसेलच असे नाही. भारतीय मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या कलम १२३ अन्वये गाडीच्या पायरीवरून, टपावरून वा बॉनेटवरून प्रवास करण्यास मनाई आहे, आणि गाडीच्या अंगाबाहेर कोणाला नेण्यासही. वरातीच्या वा सहलीच्या उत्साहात ह्या कलमाची आठवण होत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

बंद काचांचीही एक शिस्त आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील हवा अर्ध्या तासाच्या आतच धोकादायक तापते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून तिच्यात मूल क्षणभरही एकटे ठेवावयाचे नसते. तापलेल्या गाडीत बसताना प्रथम काचा उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी आणि मग वातानुकूलन चालवावे. आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपू नये; धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्याला तो जागे करीत नाही.

मग इतिहासाचा जुना प्रश्न उरतो, तो धुरकऱ्याचा. मुंबईच्या व्हिक्टोरियांवर उच्च न्यायालयाने २०१५ साली बंदी घातली, आणि उंच बैठकीवरचा गाडीवान रस्त्यावरून दिसेनासा झाला. पण त्याचा वारसदार होताच. देशाचे धान्य, औषधे आणि सिमेंट वाहणारा मालमोटारीचा चालक इंजिनाच्या धगीजवळ, वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली बसून शेकडो मैल कापीत असे. त्याने नेलेली फळे प्रसंगी गार कक्षात असत, तो नसे. थकलेल्या चालकाची डुलकी किती जणांचे छत्र हिरावून नेते हे सांगावयास नको. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम अधिसूचित केला, की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन असलेच पाहिजे.

लँडोपासून ह्या अधिसूचनेपर्यंतचा प्रवास पाहिला म्हणजे ध्यानात येते, की छताचा खरा इतिहास काचेचा वा पोलादाचा नाही. आत बसलेल्याला सावली मिळावी हे माणसाने फार पूर्वी ओळखले होते. गाडी हाकणाऱ्यालाही ती मिळावी, हे ओळखण्यास त्याला बराच काळ लागला.