पारावरचा वस्तरा : गावगाड्यातील वारकाची कामगिरी



आपल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची ही स्मरणिका. अशा पुस्तकात देवाचे माहात्म्य असते, देणगीदारांची यादी असते, बांधकामाचा हिशेब असतो. ते सर्व यथास्थित असलेच पाहिजे. परंतु देऊळ म्हटले की त्यापुढचा पार आला, पार म्हटला की त्यावरचे झाड आले, आणि झाड म्हटले की त्याच्या सावलीत धोकटी उघडून बसलेला वारीक आला. आपल्या मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणण्याची रीत जुनी आहे. या वारकाचा, त्याच्या वस्तऱ्याचा आणि उघड्यावर होणाऱ्या त्याच्या कामाचा इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रश्न असा की हजामत उघड्यावरच का होत असे? दुकान काढण्याची ऐपत नव्हती, हे एक कारण झाले. परंतु खरी कारणे आणखी आहेत. वस्तऱ्याचे काम नजरेचे. जुन्या घरांत खिडक्या नसत, उजेड बेताचा. म्हणून सकाळचे कोवळे ऊन आणि झाडाची सावली हीच योग्य जागा. दुसरे असे की कापलेला केस घरात पडू नये, अन्नात जाऊ नये, हा दंडक होता. हजामत झाली की आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचे नाही, हेही ठरलेले. तेव्हा काम पारावर, ओढ्याकाठी किंवा विहिरीजवळ उरकणेच सोयीचे. सोमवार, शनिवार, एकादशी टाळून लोक आपापला वार धरीत.

वारकाची धोकटी म्हणजे चामड्याची पिशवी. तीत वस्तरा, कातर, कंगवा, नखे काढायची नराणी, लहानसा आरसा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा आणि तुरटीचा खडा, एवढा संसार. वस्तरा दगडावर पाणी टाकून घासायचा, मग चामड्यावर उलटसुलट फिरवायचा, आणि शेवटी तळहातावर हलकेच फिरवून धार पाहायची. साबण फार उशिरा आला. त्याआधी नुसत्या पाण्याने केस बोटांनी चोळून चोळून मऊ करीत. या भिजवण्यातच अर्धे कसब होते. ते नीट झाले नाही तर कातडी सोलवटून निघे. ‘बिनपाण्याने करणे’ हा वाक्प्रचार आपण आज दुसऱ्या अर्थाने वापरतो, पण त्याचा उगम या दगडावरचा आहे. आम्ही लहानपणी या दगडावर बसलो आहोत. वारकाच्या दोन गुडघ्यांत मान अडकली की हालायची सोय नसे.

वारकाचे काम केवळ डोई-दाढीपुरते नव्हते. लेकराचे जावळ तोच काढी. लग्नात नवरदेवाची हजामत, आवतण पोहोचविणे, वरातीत दिवटी धरणे हे त्याचे मान होते. दहाव्याला नदीकाठी मुंडण करण्यास तोच लागे. म्हणजे माणसाच्या डोक्यावरचा पहिला वस्तरा त्याचा, आणि माणूस गेल्यावर त्याच्या लेकांच्या डोक्यावरचाही त्याचाच. गळू फोडणे, रुतलेला काटा काढणे हीही कामे त्याच्याकडे येत. विलायतेतही असेच होते. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शस्त्रवैद्य यांची एकच संस्था झाली आणि ती १७४५ पर्यंत एकत्र चालली. ‘हज्जाम’ हा अरबी शब्दही मुळात तुंबडी लावून रक्त काढणाऱ्याचा आहे.

या कामाचा मोबदला म्हणजे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. वर्षभर घरातील पुरुषांची डोकी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचे. रोजची रोकड नाही, कागद नाही, सही नाही, सर्व तोंडी. आमच्या कचेरीत एका वाक्यालाही तीन प्रती लागतात. तेथे पिढ्यान् पिढ्या शब्दावर चाललेल्या या व्यवहाराचे आश्चर्य वाटते. परंतु त्यात वारकाच्या हाती काही नसे, हेही खरे. पीक बुडाले की बलुते बुडाले. धान्य किती द्यायचे हे देणाऱ्याच्या मनावर.

अशा या माणसाकडे गाव मान कसे सोपवीत असे? मोठ्यातला मोठा पाटील त्याच्यापुढे मान खाली घालून बसे, आणि धारदार पाते गळ्यावर असे. गावात एवढा विश्वास दुसऱ्या कोणावर टाकला जात नसावा. आणि इतिहासात हा विश्वास सार्थ ठरल्याचे दाखले आहेत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीच्या वेळी सय्यद बंडाचा वार अडविणारा जिवा महाला याच समाजातला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. पुढच्याच वर्षी, १६६० च्या जुलैत, पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले. त्या वेळी महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसून शत्रूच्या हाती जाणारा आणि प्राण देणारा शिवा काशीदही याच समाजातला. अलीकडच्या काळात माथेरानचे भाई कोतवाल, जन्म १९१२, हे बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात इंग्रजांच्या गोळीने हुतात्मा झाले.

संतांमध्ये सेना महाराजांचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. राजाने बोलावले असता सेना महाराज पूजेत होते, म्हणून पांडुरंगच धोकटी घेऊन राजाची हजामत करण्यास गेला आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसले, ही कथा कीर्तनात आपण ऐकतो. ज्या कामाला लोक हलके मानीत, ते देवाने स्वतः केले, हे या कथेचे मर्म आहे. त्यांचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्येही आहे. श्रावण वद्य द्वादशीस त्यांची पुण्यतिथी असते.

वस्तऱ्याने एकदा ‘नाही’ म्हटल्याचाही इतिहास आहे. त्या काळी काही समाजांत विधवा स्त्रीचे केशवपन करीत. कोवळ्या वयाच्या मुलीलाही न्हाव्यापुढे बसवीत. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत न्हावी मंडळी सभेस जमली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरविले. आपल्या पोटावर पाय येईल हे ठाऊक असून त्यांनी हे केले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही याच लोखंड्यांच्या खटपटीने आणि याच वर्षी.

येथे एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. पारावरचा हा वस्तरा सर्वांसाठी नव्हता. गावकुसाबाहेरच्या बांधवांची डोकी गावचा वारीक करीत नसे. त्यांना आपसांतच एकमेकांची हजामत करावी लागे. याचा सगळा दोष वारकाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. त्याने तसे केले असते तर गावाने त्याचे बलुते बंद केले असते. पाते त्याच्या हातात असले तरी हुकूम गावाचा होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि तिने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणे गुन्हा ठरला आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. कायदा कागदावर लवकर आला, पारावर यायला त्याला फार वर्षे लागली. जुन्या गोष्टींचे कौतुक करताना हे झाकून ठेवले तर तो इतिहास होत नाही.

पुढे बलुते का मोडले? १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. खळेच नाही तर बलुते कोठून? त्यानंतर आपल्या जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने ऊसतोडीला जाऊ लागली. दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या जुंपून जे जात, ते उन्हाळ्यातच परतत. अर्धे गाव सहा महिने बाहेर, तर वारकाने कोणाची डोकी करायची? तोही बीड, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, किंवा पुणे-मुंबईस गेला. दुकान आले, खुर्ची आली, मोठा आरसा आला. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांची माहिती झाल्यावर जुने पाते जाऊन दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड आले. हे चांगलेच झाले. आजही दुकानात मूठ वस्तऱ्याची असली तरी धार नव्या ब्लेडची असावी, हे गिऱ्हाइकाने पाहून घ्यावे.

मात्र २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे दुकाने बंद झाली. राज्यात ती २८ जूनपासून उघडली, तीही फक्त केस कापण्यापुरती, दाढीला परवानगी नव्हती. त्या तीन महिन्यांत झाडाखालच्या दगडाची आठवण पुष्कळांना झाली, आणि आपल्या वारकावाचून आपले किती अडते हेही कळले.

असो. आता मुद्द्याचे. देवळाच्या भिंतीवर देणगीदारांचा फलक लागेल. ज्यांनी घामाचा पैसा दिला त्यांची नावे तेथे यायलाच हवीत. परंतु सुतार, लोहार, कुंभार, परीट, गुरव, वारीक आणि गावकुसाबाहेर राहून गावाची कामे करणारे आपले बांधव, यांनी या गावाला जे दिले ते रुपयांत नव्हते. म्हणून कोणत्याच फलकावर त्यांचे नाव नाही. समितीस नम्र विनंती अशी की फलकाच्या अखेरीस एक ओळ त्यांच्यासाठी असावी : ‘ज्यांनी हाताने सेवा केली त्या सर्वांस’. त्यास खर्च फारसा नाही. तसेच नव्या बांधकामात फरशी कितीही गुळगुळीत बसवा, पार मात्र राहू द्या, झाड राहू द्या, आणि त्यावर कोणीही, कोणत्याही वस्तीचा माणूस, बसला तर त्याला ‘ऊठ’ म्हणणारा कोणी नसावा.

एवढे झाले तर जीर्णोद्धार देवळाबरोबर गावाचाही झाला, असे म्हणता येईल. ग्रामदेवतेच्या चरणी हीच प्रार्थना.