‘ओढू नकोस’पासून ‘सांग बरं’पर्यंत: मुलांची सिगारेट सोडवण्याचा इतिहास



आपल्या घरांत व्यसनाचा विषय निघाला की दोनच वाक्ये ऐकू येतात. पहिले, "आमच्याकडे असलं काही नाही हो." आणि ते खोटे ठरले की दुसरे, "घरात पाय ठेवू नकोस." या दोन वाक्यांच्या मध्ये आणखी काही असू शकते का, हे पाहायला मी वाचायला बसले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची सिगारेट दवाखान्यात कशी सोडवतात, आणि डॉक्टर हे शिकले कधी? ही गोष्ट मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतली आहे, पण आई-आजी कुठल्याही देशातली असो, तिच्या कामाची आहे.

सुरुवात 1950 सालची. त्या वर्षी इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी फुफ्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचे नाते आकड्यांनी दाखवले. अभ्यास करता करता डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. पुढे 1962 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल आला आणि 11 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांचा. हे टेरीसाहेबही सिगारेट ओढणारेच! पण या सगळ्यात रोगी म्हणजे पन्नाशीचा पुरुष. कर्करोग व्हायला वीस-तीस वर्षे लागतात, त्यामुळे चौदा वर्षांचा मुलगा कुणाच्या हिशोबात नव्हता. त्याला शाळेत उपदेश आणि घरी मार, एवढेच.

डॉक्टरने नुसते सांगून काही होते का, हे 1979 मध्ये मायकेल रसेल यांनी लंडनमध्ये मोजून पाहिले. 28 फॅमिली डॉक्टर आणि त्यांच्याकडे आलेले 2138 सिगारेट ओढणारे रोगी. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांच्यातले वर्षानंतरही सिगारेटपासून दूर राहिलेले निघाले 0.3 टक्के. ज्यांना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे समजावले, पत्रक दिले आणि "पुढे तुमची चौकशी करणार आहोत" असे सांगितले, त्यांच्यात 5.1 टक्के. मी कॉमर्सची, टक्का दिसला की हिशोब मांडते. हजारात तीनऐवजी एक्कावन्न माणसे, तीही दोन मिनिटांच्या बोलण्यात! यात मला मोलाचे वाटते ते ‘पुन्हा चौकशी करू’ हे वाक्य. नुसत्या सल्ल्याने 3.3 टक्के झाले होते, त्याला पत्रक आणि पुढे कुणीतरी विचारणार आहे याची जोड मिळाली तिथे 5.1.

1988 मध्ये सर्जन जनरल कूप यांच्या अहवालाने सांगितले की निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे, हा केवळ मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नाही. तरी मुलांबद्दलची समजूत बदलली नव्हती. मुले गंमत म्हणून ओढतात, त्यांना कसली तलफ, असेच मानले जाई. सिगारेट कंपन्यांना मात्र मुले बरोबर दिसत होती. 1991 च्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी ‘कॅमल’ सिगारेटच्या जाहिरातीतला उंट ओळखून सिगारेटशी जोडला. मिकी माऊसला ओळखतात जवळजवळ तितकेच! त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांसाठी पाच पायऱ्यांची पद्धत छापून आली. मोठ्यांसाठी चार पायऱ्या होत्या: विचारा, सल्ला द्या, मदत करा, पुन्हा बोलवा. मुलांसाठी त्यांच्या आधी एक जोडली: आधीच ओळखा. म्हणजे मूल सिगारेटपर्यंत पोचण्यापूर्वीच बोला.

मग मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर जोसेफ डिफ्रान्झा यांचे काम आले. त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या जवळजवळ सातशे मुलांना वरचेवर भेटून प्रश्न विचारले. 2000 साली निष्कर्ष छापले. अधूनमधून ओढू लागलेली 95 मुले होती, त्यांतल्या 60 जणांत व्यसनाची काही ना काही खूण दिसली. पाचातल्या एकाला तर महिन्यातून एखादी ओढायला लागल्यापासून चार आठवड्यांच्या आतच! रोज ओढायला लागल्यावरच व्यसन लागते, ही समजूत तिथे मोडली. त्यांनी दहा साध्या प्रश्नांची यादी केली. सोडायचा प्रयत्न करून जमले नाही असे झाले का, तलफ येते का, ओढायला मिळाली नाही की चिडचिड होते का, अशा धर्तीचे प्रश्न. एकाही प्रश्नाला ‘हो’ आले तर मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटू लागला आहे असे समजायचे. "मनात आलं की सोडीन" म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो, त्यालाच ते ठाऊक नसते.

पण हे प्रश्न आईसमोर विचारले तर उत्तर काय येणार? बॉस्टनच्या बाल-रुग्णालयात 1951 पासून किशोरांसाठी वेगळा विभाग आहे. 1972 मध्ये सिएटलच्या हार्वी बर्मन यांनी मुलांशी बोलण्याचा क्रम बसवला: आधी घर, मग शाळा, मग छंद-मित्र, आणि नंतर व्यसनासारखे नाजूक विषय. तिथे मुलाशी काही वेळ एकट्याने बोलतात. जिवाला धोका असेल तरच आईबापांना सांगू, असेही त्याला आधी सांगतात. माझी भाची न्यू जर्सीत असते. डॉक्टरांनी तिला पहिल्यांदा बाहेर बसायला सांगितले तेव्हा तिने मला फोनवर रागाने विचारले, "मावशी, मी त्याची आई ना?" मी म्हटले, "आहेस गं, म्हणून तर तुझ्यापासूनच लपवेल." रागाच्या भीतीपेक्षा आईला दुःख होईल या भीतीने मुले जास्त गप्प बसतात.

उपयोग किती होतो? 2008 च्या अमेरिकन मार्गदर्शिकेत मुलांवरच्या सात अभ्यासांची बेरीज आहे. नेहमीच्या उपचारात सुटणारी 6.7 टक्के, समुपदेशनाने 11.6 टक्के. शंभरातली पाच मुले जास्त. कुणी म्हणेल, एवढेच? त्या पाचांत आपले एक असेल तर एवढेच पुरे आहे. निकोटिनचे च्युइंगगम आणि पट्ट्या यांचा पुरेसा पुरावा किशोरांसाठी त्या वेळी नव्हता, म्हणून मार्गदर्शिकेने मुलांसाठी भर बोलण्यावरच दिला.

आता सिगारेटची जागा वेपने घेतली. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांमध्ये ते 2011 मध्ये 1.5 टक्के होते, 2018 मध्ये 20.8 टक्के झाले. मुले मोबाइल सोडत नाहीत, तर मदतही मोबाइलवर गेली. 2024 मध्ये छापलेल्या चाचणीत तेरा ते सतरा वर्षांच्या 1503 मुलांपैकी ज्यांना धीर देणारे आणि युक्त्या सांगणारे मेसेज नियमित मिळाले, त्यांतली 37.8 टक्के सात महिन्यांनी वेपमुक्त होती. इतरांत 28 टक्के.

आपल्याकडे 2002 मध्ये तंबाखू सोडवण्याची 13 केंद्रे सुरू झाली. 2003 च्या कायद्याने अठराखालच्यांना विक्री बंद झाली आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायलाही बंदी आली. 2019 मध्ये ई-सिगारेटवर पूर्ण बंदी आली. तरी त्याच वर्षीच्या पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी मुलांत 8.5 टक्के तंबाखू वापरणारी निघाली. साठ मुलांच्या वर्गात पाच. ती पाचही मुले कुणाच्या तरी घरचीच आहेत, आणि ते घर आपले नसेलच असे समजू नये.

आपण मुलांना पर्वात छोटा नियम देतो, आठवडाभराचा, झेपेल तेवढा, आणि मोडला तर पुन्हा घ्यायला लावतो. दवाखान्यातही असेच करतात: सोडण्याची तारीख मुलाने स्वतः ठरवायची, घसरला तर परत बोलवायचे. तेव्हा खिशात काडेपेटी सापडली तर आधी आवाज चढवू नका. संध्याकाळी शेजारी बसा, विचारा, ऐका आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारा. डॉक्टरांकडे न्याल तेव्हा आपण बाहेर थांबू, असे मुलाला आपणहून सांगा. सरकारची मोफत मदतवाहिनीही आहे, 1800-11-2356. नंबर मुलाच्या हाती द्या, त्याचा त्याला फोन करू द्या.