गुंज

फॅबेसी म्हणजे शेंगावर्गीय कुलातील बहुवर्षायू, सडपातळ वेल. शास्त्रीय नाव ॲब्रस प्रिकॅटोरियस. मध्य भारताच्या मैदानापासून कोकणापर्यंत कुंपणांत, झुडपी रानात ती आपोआप उगवते. पाने चिंचेसारखी संयुक्त, दलांच्या १० ते २० जोड्या. पावसाळा सरता सरता फिकट गुलाबी-जांभळी फुले येतात. पुढे शेंग तडकते, तरी बिया लगेच गळत नाहीत. उघड्या शेंगेला चिकटून राहतात. लालभडक, चकचकीत, देठाकडे काळा ठिपका. पांढऱ्या बियांचा प्रकारही आहे.

सोनाराच्या तराजूत ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. म्हणजे गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम. सगळ्या बिया एकाच वजनाच्या असतात ही मात्र नुसती समजूत.

बियांत ॲब्रिन हे विषारी प्रथिन असते. एरंडातल्या रिसिनचे ते भावंडच. पेशीतील प्रथिननिर्मिती ते बंद पाडते. टणक सालीची अख्खी बी पोटातून बहुधा तशीच बाहेर पडते, चावली किंवा भरडली तर घात. घोडा या विषाला गाईबैलांपेक्षा लवकर बळी पडतो. पण गुंजेची खरी कुप्रसिद्धी चराईतून आलेली नाही. कातड्यासाठी वा वैरापोटी, बियांच्या लगद्याची वाळवलेली बारीक सुई जनावराच्या कातडीत खुपसण्याचा प्रकार १९व्या शतकात हिंदुस्थानात इतका चालला की न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ‘सुई’ किंवा ‘सुतारी’ या नावाने त्याची नोंद आहे. टोचल्या जागी सूज येई, जनावर मलूल होई आणि दोन-चार दिवसांत मरे. मालक साप चावला म्हणून हळहळत बसे. दोष वेलीचा कमी, माणसाचाच जास्त.

हे विष जंतूंमुळे नाही, हे वॉर्डन आणि वॅडेल यांनी १८८४ साली कलकत्त्यात दाखवले. १८९१ मध्ये पॉल एर्लिखने उंदरांना अत्यल्प मात्रा वाढवत नेऊन ॲब्रिन पचवायला लावले. रिसिनपुढे मात्र ते उंदीर निराधारच राहिले. रोगप्रतिकारशास्त्राच्या पायाभूत प्रयोगांत याची गणना होते.

आयुर्वेदात गुंज उपविषांत मोडते. दुधात किंवा कांजीत उकळून शोधन केल्याशिवाय बी वापरत नाहीत. उष्णतेने ॲब्रिन निकामी होते, तेव्हा या प्रथेला आधार आहे. पाने मात्र ज्येष्ठमधासारखी गोड. घसा बसला की ती चघळतात, आणि पानवाला विड्यात घालतो तो गुंजेचा पाला हाच.